वाशी नव्हे, वाशीम

आमच्या घराण्यात मुंबई कळणारा माणूस म्हणून माझी ख्याती होती. ती मी १९९७ साली तीन दिवसांत कमावली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं तिच्या व्याजावर जगलो. रिसोडच्या आमच्या घरी खाती वाटून दिलेली आहेत. जमिनीचं काही असलं की दादा, दवाखान्याचं असलं की वहिनी, मुंबईचं असलं की मी. मुंबईचं सहसा काही नसतं, म्हणून हे खातं मी आनंदानं सांभाळत आलो. पण तुळशीचं लग्न आटोपलं, पाठोपाठ पुतण्याचं म्हणजे वैभवचं आलं, आणि पोरगा-पोरगी दोघंही हनिमूनला मुंबईच पाहिजे म्हणून अडून बसली.

"काका, मुंबईत राहाचं कोठी?" वैभवनं विचारलं.

मी चष्मा काढून पुसला. जाणकारानं लगेच उत्तर देऊ नये. "पैले बजेट सांग."

बजेट दादानं सांगितलं. "सात क्विंटल. त्याच्या वर एक दाणा नाही."

दादाचे सगळे हिशेब सोयाबीनमध्ये चालतात. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, पण तो वर्तमानपत्रात. दादाच्या हातात क्विंटलमागं बेचाळीसशे पडले. सात क्विंटलचे झाले एकोणतीस हजार चारशे. त्यात दोघांचं जाणं-येणं, चार रात्री, खाणं, फिरणं, आणि वहिनीचा सिद्धिविनायक. मी कोरी वही काढली, पहिल्या पानावर 'मुंबई : निवास' असं लिहिलं आणि खाली पट्टीनं दोन रेघा मारल्या. मास्तराचं निम्मं काम रेघा मारल्यावर झालेलं असतं.

वैभवनं मोबाइलवर हॉटेलं काढली. दादा शेजारी बसून रूपांतर करत होता. बत्तीसशेची खोली दिसली. "पाऊण क्विंटल! एका रात्रीले?" वर पाच टक्के जीएसटी. हा आधी बारा टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच झालाय, हे मी मुद्दाम सांगितलं. घरात कुणाला तरी दिलासा वाटावा, एवढाच हेतू. "म्हंजे आखीन चार किलो," दादा म्हणाला. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या हव्या असतील तर पंधराशे वेगळे. दादा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपल्या मांडवातला झेंडू उरला हाय. पिशवीत भरून न्या."

मुंबईत कुठल्या भागात राहावं हा प्रश्न मुंबईबाहेरच्या माणसालाच पडतो. मुंबईकराला जिथं जागा परवडली तिथं तो राहतो आणि नंतर तोच भाग कसा चांगला हे जन्मभर सांगत बसतो. रिसोडात मात्र प्रत्येकाचं कुणी ना कुणी मुंबईत असल्यामुळं प्रत्येकाकडं एक भाग तयार होता. शेजारचे ट्रॅक्टरवाले पहिले आले.

"हॉटेल कायले पाह्यजे, सर? माझा भाचा हाय ना मुंबईले. त्याच्याच घरी उतरवा."

"मुंबईत कुठी?"

"बदलापूर."

सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. वाशीमचा बालाजी पाहायला आलेल्या पाहुण्याला पातूरच्याही पलीकडं उतरवून 'हे काय, आलंच वाशीम' म्हणण्यासारखं झालं हे. पण आपल्याकडचा एकही माणूस बदलापुरात, टिटवाळ्यात किंवा नालासोपाऱ्यात राहत नाही. तो 'मुंबईले' राहतो. शिवाय त्या भाच्याचं घर वन-रूम-किचन, आणि त्यात भाच्याची आई, दोन पोरं. ट्रॅक्टरवाल्यांना त्यात काही गैर दिसेना. "लेकरं झोपी जातात लवकर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमचे एक कार्यकर्ते मित्र आले. त्यांना आम्ही सगळेच भाऊ म्हणतो. भाऊंच्या मते मुंबईत पैसे देऊन राहणं हा लोकशाहीचा अपमान आहे. "आकाशवाणीत रूम लावून देतो. एक चिठ्ठी आणतो, विषय संपला." आकाशवाणी म्हणजे रेडिओ नव्हे, मंत्रालयाजवळचं आमदार निवास. अर्ध्या महाराष्ट्रानं मुंबई पहिल्यांदा पाहिली ती अशा चिठ्ठीवर. माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं : पलंगावर नवरा-नवरी, खाली सतरंजीवर सहा कार्यकर्ते, आणि सकाळी सहाला दारावर थाप, 'साहेब उठले का? बदलीचं काम होतं.'

"पैले मनोरा लय मोकळा होता," भाऊ हळहळले. "पण सरकारनं मनोरा पाडला ना."

वैभवची सासू नेमकी मानोरा तालुक्यातली. तिनं हातातला कप खाली ठेवला. "कवा? आमी तं आत्ता तिकूनच येऊन रायलो."

नरिमन पॉइंटचं मनोरा आमदार निवास वेगळं आणि आपला मानोरा तालुका वेगळा, हे तिला समजावण्यात चहाचा दुसरा राउंड गेला. तरी जाताना तिनं गावी फोन लावून सगळं जागेवर असल्याची खात्री करून घेतलीच.

मग आईनं समृद्धी महामार्ग काढला. तो आता पूर्ण झालाय, जून २०२५ मध्ये इगतपुरीच्या पुढचा शेवटचा तुकडाही उघडला. "मंग मुंबईपर्यंत जाता कायले? शिर्डी वाटंतच हाय. खोल्या चांगल्या, जेवण चांगलं, दर्शन होते." हनिमूनचा इतका स्वस्त आणि सात्त्विक पर्याय समोर आल्यावर दादाचे डोळे पाणावले. वैभवनं घाईघाईनं रेल्वेचं तिकीट काढून टाकलं.

समाजाच्या भवनाची माहिती मी स्वतः काढली. दादरजवळ, दिवसाला शंभर रुपये, दोन्ही वेळचं साधं जेवण, आणि स्वच्छतेबद्दल तर सगळेच छान बोलत होते. मी वहीत त्यापुढं चांदणी काढली. नंतर व्यवस्थापकांनी फोनवर शेवटचा नियम सांगितला, पुरुष तळमजल्यावर आणि स्त्रिया पहिल्या मजल्यावर. मी चांदणी खोडली. दादा म्हणाला, "दोन दिवस तिथं अन् दोन दिवस हॉटेलात, असं नाही जमत का?"

मेडिकलवाल्यानं वाशी सुचवलं. नवी मुंबई, रस्ते रुंद, भाडं कमी. "वाशीमच्या माणसानं वाशीतच राहावं सर, एक अक्षर वाचते." या विनोदावर तो स्वतःच इतका हसला की मागं उभ्या गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी जुलाबाचं गेलं असतं. मीही हसलो. हाच विनोद पुढं पंधरा दिवसांनी आमच्या अंगावर येणार होता, हे तेव्हा मला माहीत असतं तर मी गोळ्या दुसऱ्या दुकानातून घेतल्या असत्या.

एवढ्या सगळ्यात नवरीला कुणी काही विचारलंच नव्हतं. प्रतीक्षा एकदाच बोलली. "काका, खिडकीतून समुद्र दिसला पाह्यजे."

म्हणून मी समुद्राचा अभ्यास सुरू केला. कुलाब्याचं ताज १९०३ साली उघडलं आणि त्याच्यासमोरचा गेटवे १९२४ साली. म्हणजे एकवीस वर्षं लोक समोर कमान नसतानाही तिथलं भाडं भरत होते. मुंबईत देखावा मागाहून येतो, बिल आधी. ताज अर्थात आमच्या सोयाबीनच्या पलीकडं होतं. तिथं राहायचं तर दादाला तूरही काढावी लागली असती. त्याच्या आजूबाजूला 'सी फेसिंग', 'सी साइड', 'पार्शल सी व्ह्यू' अशी उतरती भाजणी लागते. सगळ्यात खाली 'सिटी व्ह्यू', म्हणजे पलीकडच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप. पार्शलवाल्याला मीच फोन लावला.

"खोलीतून समुद्र दिसतो ना?"

"गच्चीवरून दिसतो, सर."

"गच्ची उघडी असते?"

"नाही."

मग अंतराची भानगड. 'बांद्र्याजवळ' म्हणून दाखवलेलं हॉटेल नकाशावर कुर्ल्यात निघे, आणि 'कुलाबा, पाच मिनिटं' वालं मशीद बंदराला. वैभव चिडला. मला मात्र ही विद्या ओळखीची वाटली. आपल्याकडं समृद्धी आल्यापासून 'समृद्धी टच' प्लॉट निघालेत. तसला एक मीही घेतला आहे. तो समृद्धीला इतका टच आहे की रात्री गाड्यांचे दिवे पाहायचे तर मोटरसायकल काढून अर्धा तास जावं लागतं. त्यामुळं 'स्टेशनपासून पाच मिनिटे' वाचलं की मी विचारतो, कुणाच्या पाच मिनिटांनी? साडेआठची लोकल पकडणाऱ्या मुंबईकराच्या, की मांडवातून उठून आलेल्या, हातात तीन बॅगा आणि धपाट्यांचा डबा घेतलेल्या आमच्या पोराच्या?

"काका, तुमी कोठी रायले होते मुंबईत?" एके दिवशी वैभवनं सहज विचारलं.

मी खाकरलो. स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "आझाद मैदानात."

लपवण्यात आता अर्थ नाही. १९९७ च्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. आमच्या शाळेला तेव्हा अनुदान नव्हतं. लग्नाला आठ दिवस होतात न होतात तोच मुंबईत शिक्षकांचं धरणं लागलं. मी विचार केला, जाणं आहेच, तर हिलाही घेऊन जाऊ. एका खर्चात दोन कामं. वाशीमची लाइन तेव्हा मीटरगेज. अकोल्याला गाडी बदलून, जनरलच्या डब्यात एकवीस शिक्षक आणि हिरव्या चुड्यातली एक नवरी असे आम्ही मधुचंद्राला निघालो. मेंदी ताजी होती म्हणून हिला पुढच्या रांगेत बसवलं आणि हात वर करून घोषणा द्यायला सांगितलं. रात्री बायकांची सोय कुणा ओळखीच्यांच्या हॉलमध्ये, पुरुषांची मैदानावर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हट्टानं मरीन ड्राइव्हला गेलो. कट्ट्यावर आम्ही अर्धा तास बसलो. दोघांच्या मध्ये मुख्याध्यापक बसले होते. अनुदान काही त्या फेरीत मिळालं नाही.

"म्हणून म्हणते," बायको पोळपाट हातात घेऊनच बाहेर आली, "या माणसाले विचारून काही करू नका."

तरी शेवटचा शब्द माझाच चालला, कारण वही माझ्याकडं होती. मी दादरवर बोट ठेवलं. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे भेटतात, खायला मराठी माणसाचं मिळतं, फूलबाजार हाकेच्या अंतरावर (दादाचा झेंडू घरीच राहिला तरी चालेल), आणि सिद्धिविनायक चालत जाण्याइतका जवळ. समुद्रही आहे, फक्त तो खोलीपर्यंत येत नाही. दादर पूर्वेला एक तिसऱ्या मजल्यावरचं हॉटेल पक्कं झालं. चार रात्रींचे साधारण तीन क्विंटल वीस किलो. दादानं पैसे मोजून दिले आणि त्या दिवशी रात्री फक्त दूध घेतलं.

निघताना मी वैभवला वहीचं पान फाडून दिलं. 'दादरला उतरल्यावर मध्य रेल्वेच्या एक नंबर प्लॅटफॉर्मवर ये. तिथून जिना चढून पूर्वेला बाहेर.' नकाशासुद्धा काढला होता, बाणांसकट.

पहाटे सहाला पहिला फोन. "काका, एक नंबर वेस्टर्नचा हाय."

डिसेंबर २०२३ पासून दादरचे प्लॅटफॉर्म सलग मोजतात, पश्चिमचे एक ते सात आणि मध्यचे आठपासून चौदापर्यंत. माझा एक नंबर आता आठ नंबर झाला आहे. हे मला कुणी कळवलं नव्हतं. सर्व सामानासह ते आधी पश्चिमेला बाहेर पडले, भाजीच्या टोपल्यांमधून फिरून पुन्हा पूल चढले आणि पूर्वेला पोचले.

पावणेसातला दुसरा फोन. "काका, हे रूम देऊन नाही रायले."

"काहून? पैसे भरले ना?"

"म्हणते, लोकल आयडी चालत नाही."

मुंबईतल्या कितीतरी हॉटेलांत हा रिवाज आहे. कायदा तसा काही नाही, पण मुंबई-ठाण्याचाच पत्ता असलेलं जोडपं दारात आलं की रिसेप्शनवरच्या माणसाच्या मनात शंका येते, घर असताना यांना खोली कशाला? आता रिसोड आणि मुंबईत पाचशे किलोमीटर तरी असतील. आम्ही लोकल कसे?

मी फोन त्या माणसाकडं द्यायला सांगितलं.

"काका," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "वाशीहून दादर, पाऊण तासाचा रस्ता. मुलांना घरी पाठवा. तुम्हीसुद्धा काळजीत असाल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मेडिकलवाल्याचं हसणं कानात घुमलं. आधार कार्डावरचं इंग्रजी 'वाशीम' त्यानं 'वाशी' असं वाचलं होतं. शेवटचं अक्षर बहुधा छपाईची चूक म्हणून माफ केलं.

"वाशी नव्हे, वाशीम. शेवटी म आहे. पिनकोड बघा, ४४४ नं सुरू होतो. तुमच्या वाशीचा ४०० नं."

"वाशीम म्हणजे कुठलं सेक्टर?"

इथं माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. मी त्याला सांगितलं, वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, दीड हजार वर्षांपूर्वीची. अजिंठ्याची बरीचशी लेणी ज्याच्या काळात खोदली गेली तो हरिषेण राजा आमचा. तुमच्या मुंबईत तेव्हा कोण होतं? आमच्या बालाजीचं देऊळ १७७९ चं आहे. आमच्याकडं कारंजा आहे, पोहरादेवी आहे, शिरपूर जैन आहे. आणि १ जुलै १९९८ पासून वाशीम हा स्वतंत्र जिल्हा आहे, सहा तालुक्यांचा.

पलीकडं शांतता. मला वाटलं, जिंकलो.

"अकोल्याच्या बाजूला का?" त्यानं विचारलं.

ज्या अकोल्यातून बाहेर पडलो म्हणून आम्ही गुलाल उधळला होता, ज्याचं नाव मी सत्तावीस वर्षं पत्त्यात येऊ दिलं नव्हतं, ते अकोला. पण पोरगी सकाळपासून बॅगेवर बसून होती.

"हो," मी म्हणालो.

"मग असं सांगा ना!"

तरीही त्याला लग्नाचा पुरावा हवा होता. अंगाची हळद उतरलेली नव्हती, पण हळदीवर शिक्का नसतो. तेवढ्यात प्रतीक्षाला आठवलं, वहिनीनं सिद्धिविनायकाच्या पायावर ठेवायला एक पत्रिका बॅगेत टाकली होती. त्या माणसानं ती बैजवार वाचली. आपले विनीत, निमंत्रक, स्वागतोत्सुक, शिवाय 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी अकरा लेकरं. निमंत्रकांमध्ये चौदाव्या क्रमांकावर माझं नाव आहे. ते इतक्या बारीक अक्षरात छापलं म्हणून मी दादाशी दोन दिवस बोललो नव्हतो. आता तेच अक्षर कामी आलं. "हे तुम्हीच का?" त्यानं फोनवर विचारलं. मी नम्रपणे हो म्हणालो. त्यानं पत्रिकेची झेरॉक्स काढून फाइलला लावली. मूळ प्रत देवाला गेली.

"चला, झालं एकदाचं," मी म्हणालो.

"चेक-इन बारा वाजता आहे," तो म्हणाला.

पुढचे पाच तास नवरा-नवरी बॅगा रिसेप्शनला ठेवून दादरभर फिरली. सिद्धिविनायक झाला, पोहे झाले, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून धपाटे झाले. प्रतीक्षानं समुद्र तिथल्या चौपाटीवर पाहिला, फुकट. दुपारी खोलीचा फोटो आला. खिडकीत लोकल होती. त्यानंतर चार दिवस एकही फोन आला नाही, त्यावरून सोय बरी झाली असावी.

परत आल्यावर हिशेब झाला. पावणेसात क्विंटल. पंचवीस किलो उरले म्हणून दादा आता मुंबई स्वस्त असल्याचं सांगत फिरतो. आणि रिसोडात कुणाचं मुंबईचं काम निघालं की माणूस थेट वैभवकडं जातो. माझ्या दारावरून जातो, मला 'काय सर, बरं हाय ना' म्हणतो आणि पुढं जातो. माझं खातं गेलं. वहीच्या उरलेल्या पानांवर मी दुधाचा हिशेब लिहितो.

गेल्या आठवड्यात बायकोनं मला न विचारता वैभवकडून त्याच हॉटेलात दोन रात्रींचं बुकिंग करून घेतलं. मुख्याध्यापक आता हयात नाहीत, हेही तिनं बोलता बोलता सांगितलं. रिसेप्शनवर दाखवायला तिनं ट्रंकेतून आमची १९९७ ची पत्रिका काढून पिशवीत ठेवली आहे. तिच्यावर छापलंय : मु. पो. रिसोड, जिल्हा अकोला.